बागेतली सायकल : वेग, रुंदी आणि मेंदीचे कुंपण

उन्हाळ्याच्या सुट्टीत विदर्भातल्या बागा दिवसातून दोनदाच जाग्या असतात. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी झाडाखालचा बाकदेखील बसू देत नाही. साहजिकच फिरायला येणारी निवृत्त मंडळी, लहान मुलांना घेऊन आलेल्या आया आणि नुकतीच सायकल शिकलेली मुले हे सगळे संध्याकाळच्या त्याच दीड-दोन तासांत, एकाच वाटेवर येतात.

जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची मावशी राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती रोज संध्याकाळी तिथल्या बागेत पाच फेऱ्या मारते. काही वर्षांपूर्वी एका वळणावर नववीतल्या एका मुलीची सायकल तिच्यावर आदळली. धक्का फार मोठा नव्हता, पण पडताना मावशीने हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. आठवडाभरात फाटकावर पाटी लागली : ‘उद्यानात सायकल आणण्यास सक्त मनाई आहे.’ बहुतेकांना बरे वाटले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा हात गळ्यात बांधलेली मावशी म्हणाली, “पाटी लावली ते ठीक. पण ती पोर आता शाळेतून घरी कुठून जाते?”

प्रश्न अगदी बरोबर होता. ती मुलगी बागेत हुंदडायला आलेली नव्हती. बागेला दोन फाटके आहेत, आणि एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडले की हमरस्त्याचा एक किलोमीटरभर तुकडा टळतो. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. अशा सायकलींमुळे कितीतरी मुलींची शाळा सुटायची राहिली, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको. पण ती सायकल ज्या रस्त्यावरून जाते त्यावर वणीकडे कोळशाचे ट्रक असतात आणि इतर भागांत हंगामात कापसाच्या गाड्या. सोळा टनांचा भरलेला ट्रक ताशी ३६ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ८ लाख ज्यूल होते. मुलगी आणि सायकल मिळून ६० किलो धरली आणि वेग ताशी १८ किमी धरला, तर तिची ऊर्जा भरते ७५० ज्यूल. पाटीने बागेतला ७५० ज्यूलचा धोका हटवला, आणि त्याच मुलीला हजारपटीहून मोठ्या धोक्याशेजारी नेऊन सोडले.

म्हणून ‘सायकल बागेत असावी की नसावी’ यावर वाद घालण्याआधी आम्ही एक मोजपट्टी, एक सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि सुतळीचा गुंडा घेऊन बागेत गेलो. सोबत मावशीच्या जुन्या शाळेतले एक विज्ञानशिक्षक आणि सात-आठ मुले होती. मोजमापे आठवी-नववीच्या गणितापलीकडची नाहीत. आपल्या गावच्या बागेत किंवा शाळेच्या मैदानावरही ती सहज करता येतील.

वीस मीटर आणि चार सेकंद

वाटेवर चुन्याच्या फक्कीने वीस मीटर अंतरावर दोन रेघा मारा. सायकल पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत जाते ते मोजा. सहा सेकंद लागले तर वेग ताशी १२ किमी, चार लागले तर १८, तीन लागले तर २४. चालणाऱ्या माणसाला साधारण सोळा सेकंद लागतात, म्हणजे ताशी साडेचार किमी. आधी मुलांना नुसते बघून वेग सांगायला लावावे आणि मग मोजावे. दोहोंतला फरक हाच त्या तासाचा निम्मा धडा आहे.

आता या वेगांचा अर्थ. एखादी वस्तू उंचावरून सोडली तर जमिनीशी पोचताना तिला किती वेग येतो हे आपण शिकवतोच. तेच उलट करू. ताशी १२ किमी हा वेग ५७ सेंटिमीटरवरून, म्हणजे जवळजवळ खाटेच्या उंचीवरून पडल्यावर येतो. ताशी १८ किमीसाठी उंची सव्वा मीटर होते, आणि ताशी २४ किमीसाठी सव्वादोन मीटर, म्हणजे दाराच्या चौकटीच्याही वर. वेग दुप्पट, उंची चौपट. ‘थोडे जोरात’ या शब्दांत किती दडलेले असते ते इथे दिसते.

अर्थात धडकेत ही सगळी ऊर्जा समोरच्याला मिळत नाही. आणि वयस्क माणसाला इजा होते ती पुष्कळदा सायकलीच्या आघाताने नव्हे, तर तोल जाऊन जमिनीवर पडल्याने. मावशीचे तसेच झाले. तेव्हा वेग कमी ठेवणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, मुळात स्पर्शच होऊ नये अशी सोय हवी. ती होते थांबायला पुरेसे अंतर आणि बाजूने जायला पुरेशी रुंदी असेल तर.

थांबण्याचे अंतर दोन भागांचे असते. पहिला भाग मेंदूचा, दुसरा ब्रेकचा. मेंदूचा भाग वर्गात दाखवायला पट्टी पकडण्याचा जुना प्रयोग चांगला. मुलाच्या बोटांमध्ये पट्टी उभी धरून अचानक सोडा. ती २० सेंटिमीटर घसरल्यावर पकडली गेली तर प्रतिक्रियेला ०.२ सेकंद लागले. मात्र यावरून सायकलस्वार ०.२ सेकंदात ब्रेक दाबतो असे समजू नये. पट्टीवाल्या मुलाला काय होणार ते ठाऊक असते. वळणावर अचानक मूल दिसले की ते ओळखणे, उजवीकडे काढावी की थांबावे हे ठरवणे आणि बोटे ब्रेकवर नेणे यांत सहज एक सेकंद जातो.

ब्रेकच्या भागासाठी आम्ही मुरमाच्या वाटेवर, सुस्थितीतल्या साध्या सायकलीसाठी दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद इतकी वेगातली घट धरतो. मग ताशी १२ किमी वेगाला थांबायचे एकूण अंतर सहा मीटर येते, १८ ला सव्वाअकरा, आणि २४ ला जवळजवळ अठरा मीटर. हे कोरड्या दिवसांचे झाले. लोखंडी रिम आणि रबरी ब्रेक यांच्यामध्ये पाणी शिरले की घर्षण फारच घटते. वेगातली घट निम्म्यावर आली असे मानले, तर ताशी १८ किमीलाच साडेसतरा मीटर लागतात. श्रावणात बागेत येणारी सायकल ही चैत्रातली सायकल नव्हे. शिवाय गावातल्या दहा सायकली तपासा आणि किती जणींचा पुढचा ब्रेक खरोखर लागतो ते मोजा. हा प्रयोग आम्ही केला. आकडा सांगत नाही, आपणच पाहावा.

धनुष्य, दोरी आणि बाण

आता त्या वळणाकडे येऊ. वळणाच्या आतल्या बाजूला मेंदीचे कुंपण होते, माळ्याने प्रेमाने वाढवलेले, आमच्या छातीपर्यंत. सहा-सात वर्षांचे मूल त्याच्याआड पूर्ण लपते. वाकून चालणारी वृद्ध व्यक्तीही जवळजवळ लपते.

वळणावर नजर कुठपर्यंत जाईल हा प्रश्न भूमितीचा आहे. सायकलची वाट म्हणजे वर्तुळाचा कंस, धनुष्यासारखा. सायकलस्वाराचे डोळे आणि पुढचा माणूस यांना जोडणारी सरळ रेषा म्हणजे त्या धनुष्याची दोरी, अर्थात जीवा. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचे अंतर म्हणजे शर, दोरीवर चढवलेला बाण. आपल्या जुन्या गणितज्ञांनी ही नावे किती चपखल दिली आहेत! अर्ध्या जीवेचा वर्ग हा वर्तुळाचा व्यास शराने ज्या दोन भागांत तुटतो त्यांच्या गुणाकाराएवढा असतो, हा नियम आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात दिला आहे. वर्तुळ मोठे आणि शर लहान असेल तर त्यातून एक सोपे सूत्र निघते : हव्या असलेल्या अंतराचा वर्ग करा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागा. येणारे उत्तर म्हणजे शर.

नजर अडू नये म्हणून कुंपण सायकलच्या वाटेपासून निदान या शराइतके आत हवे. बागेतल्या त्या वळणाची त्रिज्या सुतळीने मोजली तर १५ मीटर भरली. थांबण्याची अंतरे सूत्रात घाला. ताशी १२ किमीला कुंपण ३० सेंटिमीटर आत असले तरी चालते. १८ ला ते एक मीटरहून थोडे अधिक आत हवे, आणि २४ ला अडीच मीटर. प्रत्यक्षात मेंदी वाटेच्या कडेलाच होती. आतल्या कडेने येणाऱ्या सायकलपासून तिचे अंतर फार तर अर्धा मीटर. म्हणजे त्या वळणावर ताशी १५ किमीपेक्षा जास्त वेगाने येणाऱ्या कुणालाही, तो कितीही सभ्य असो, मावशी वेळेवर दिसणे शक्य नव्हते. त्या मुलीला गावाने ‘बेफाम’ म्हटले. आमच्या मते अपघातातला मोठा वाटा मेंदीचा होता.

मुलांनी हे मैदानावर करून पाहावे. सुतळीने मोठा कंस आखायचा, आत काही मुलांना कुंपण म्हणून उभे करायचे, आणि कंसावरून चालणाऱ्या मुलाने ‘दिसला!’ म्हणायचे. कुंपण एक पाऊल आत सरकवले की अंतर किती वाढते ते पाहून मुले चकित होतात.

किती वेळा ओलांडावे लागते?

नजर मोकळी केली तरी गर्दी उरतेच. समजा ५०० मीटरच्या गोल वाटेवर ४० माणसे एकाच दिशेने, ताशी ५ किमी वेगाने चालत आहेत. म्हणजे साडेबारा मीटरला एक माणूस. त्याच दिशेने ताशी १५ किमी वेगाने जाणारी सायकल प्रत्येक माणसापेक्षा तासाला १० किमी जास्त जाते, म्हणून ती दर साडेचार सेकंदांना एकाला ओलांडते. पंधरा मिनिटांत दोनशे वेळा! एकच मुलगा दोनशे वेळा कुणाच्या तरी पाठीमागून कोपराजवळून जातो. त्याने वेग ताशी १० किमी केला तर पंधरा मिनिटांतली ओलांडणी शंभरावर येतात. धोका सायकलीच्या वेगापेक्षा दोघांच्या वेगांतल्या फरकाबरोबर वाढतो, हे इथे स्पष्ट होते.

मग सायकली उलट्या दिशेने का पाठवू नयेत? आपल्याकडे बागेत माणसे प्रदक्षिणेसारखी एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे हे शक्य आहे. पण तसे केल्यास सापेक्ष वेग ताशी २० किमी होतो आणि भेटी चारशे. लाभ एवढाच, की चालणाऱ्याला सायकल समोरून दिसते. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरची वाहने पाहत चालावे असे आपण मुलांना सांगतो ते याच कारणाने. बागेत कोणते बरे, यावर आमच्या त्या छोट्या गटातच दोन तट पडले. आमचा कल असा : वाट रुंद असेल तर उलट दिशा, अरुंद असेल तर त्याच दिशेने आणि कमी वेगाने. मावशीला मात्र मागून येणारी कुठलीच गोष्ट नको आहे.

अरुंद म्हणजे किती? इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी असे म्हटले आहे. दोन माणसे गप्पा मारत शेजारी-शेजारी चालली की सव्वा मीटर व्यापतात. सायकलचे हँडल साठ सेंटिमीटरच्या आसपास असते, पण सायकल रुळावरून चालत नाही, ती डावी-उजवीकडे झुलत जाते. म्हणून तिला एक मीटर द्यावा. दोघांमध्ये अर्धा मीटर मोकळा धरला तर बेरीज पावणेतीन मीटर होते. आम्ही मोजलेली वाट होती २ मीटर ४० सेंटिमीटर. गप्पा मारणारी जोडी असताना तिथे सायकल जाऊच शकत नाही. तिने मागे थांबले पाहिजे किंवा उतरले पाहिजे.

‘हळू चालवा’ असे सांगणाऱ्यांनी एक गंमत लक्षात घ्यावी. शाळेच्या स्नेहसंमेलनातली स्लो सायकलची शर्यत आठवा. सर्वांत हळू जाणारा जिंकतो आणि बहुतेकांचे पाय टेकतात. सायकल ज्या बाजूला पडू लागते त्याच बाजूला हँडल वळवून आपण ती सावरतो. वेग असेल तर थोडे वळवणे पुरते. वेग कमी असेल तर फार वळवावे लागते, आणि सायकल नागमोडी जाते. चाक पाण्यात भिजवून कोरड्या सिमेंटवर एकदा हळू आणि एकदा बऱ्या वेगाने सायकल चालवा आणि उमटलेल्या ओल्या रेघेची रुंदी मोजा. (सायकल स्वतःच्या बळावर तोल कसा राखते, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम आणि पुढच्या चाकाची ठेवण ही दोन कारणे पाठ्यपुस्तके देत असत. २०११ साली अमेरिकी आणि डच संशोधकांनी ही दोन्ही कारणे काढून टाकलेली आणि तरीही तोल राखणारी सायकल बनवून दाखवली!) तात्पर्य, चालण्याच्या वेगाने सायकल चालवणे हे सुरक्षित नव्हे, ते डगमगणे आहे. ताशी १० ते १२ किमी हा सायकलीचा बागेतला शहाणा वेग, आणि तेवढीही जागा नसेल तिथे उतरून हातात धरून चालणे. मधले काही नाही.

घंटीविषयी थोडे. मुले घंटी अगदी पाठीशी येऊन वाजवतात. ताशी १८ किमी वेगाची सायकल चार मीटरवर असताना घंटी वाजली तर चालणाऱ्याला जेमतेम एक सेकंद मिळतो, आणि त्या सेकंदात तो दचकून नेमका सायकलीसमोर सरकतो. पंधरा मीटरवरून वाजवली तर चार सेकंद मिळतात. वयाबरोबर आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात आणि सायकलची घंटी उंच स्वराचीच असते. त्यामुळे आजोबा ‘मुद्दाम सरकत नाहीत’ असे मानू नये. हल्ली कानात गाणी घालून फिरणारे तरुणही त्याच वर्गात मोडतात.

आणखी एक नवी भर पडली आहे ती बॅटरीवरच्या सायकलींची. पाव किलोवॉटहून कमी शक्तीची आणि ताशी २५ किमीपेक्षा अधिक वेग नसलेली विजेवरची दुचाकी आपल्या नियमांत मोटार वाहन धरली जात नाही. त्यामुळे ती सायकल म्हणून फाटकातून आत येते. वरच्या आकडेमोडीत ताशी २४ किमीचा स्तंभ आम्ही उगाच ठेवलेला नाही.

वेगळी वाट करावी, हे उत्तर सर्वांना सुचते. जागा असेल तर ते उत्तमच. पण जागा कुठून आणायची? मुंबईत पवई तलावाच्या काठी महापालिकेने सायकल आणि पायी फिरण्याचा मार्ग आखला, तो पाणथळ जागेच्या नियमांविरुद्ध असल्याचे सांगून मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काढून टाकायला लावला. आणि वाट रुंद असूनही वेग आवरला नाही तर काय होते, ते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दिसले. तिथल्या प्रशस्त मार्गावर २०१४ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सायकलीच्या धडकेने पायी चालणारे दोन जण दगावले. त्याच वर्षी तिथली वेगमर्यादा ताशी ४० किमीवरून ३२ वर आणली गेली. ३२ म्हणजे आपल्या हिशेबात चार मीटर उंचीवरून पडणे. आपल्या बागांसाठी हा आकडा कामाचा नाही. फाटकाशी गतिरोधक घालण्याची हौस मात्र टाळावी. त्याच्या कडेने निसटणारी सायकल सरळ वाटेवरच्या सायकलपेक्षा धोक्याची, आणि चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला तर बाग बंदच होते.

आमच्या मोजमापांचा एक कागद त्या शिक्षकांनी मुलांच्या सह्यांसह बागेची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे नेऊन दिला. मागण्या तीनच होत्या : वळणावरची मेंदी गुडघ्याएवढी छाटावी, दोन फाटकांमधली सरळ वाट शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी सायकलींसाठी खुली ठेवावी, गोल वाटेवर संध्याकाळी ६ ते ८ सायकल हातात धरून न्यावी. बऱ्याच फेऱ्यांनंतर पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीच्या ऐवजी ‘सायकल हळू चालवा’ अशी पाटी आली, आणि ती रंगवणाऱ्याला आम्ही ओल्या चाकाची रेघ दाखवू शकलो नाही.

ती मुलगी पुढे बारावी होईपर्यंत सरळ वाटेनेच जात राहिली. मावशीचे मनगट थंडीत अजून दुखते, पण पाच फेऱ्या चालू आहेत. पावसाळ्यानंतर मेंदी दरवर्षी पुन्हा छातीपर्यंत वाढते. मग सप्टेंबरात त्या शाळेतली दोन-तीन मुले सुतळी घेऊन बागेत जातात, शर मोजतात आणि माळीकाकांना कात्री आणायला सांगतात.